वाटे पाडणारा वासुदेव

सरूबाई, मोरेश्वर, ब्रह्मपुरीहून आलेले कॉलेजातले सर-मॅडम, तलाव सोसायटीचे सगळे भाऊ, आणि तिकडं दाराशी उभी असलेली वासूची विद्यार्थी मंडळी. आत या. सतरंजी पुढं मोकळी आहे. वासूच्या तासाला मागं उभं राहायची मुभा नव्हती, आजही नाही.

धानाची कापणी तोंडावर आहे, मजूर मिळत नाहीत, तरी तुम्ही इतके लोक काम टाकून आलात. समाजमंदिर दारापर्यंत भरलं. हे वासूनं बघायला हवं होतं. तो लाजला असता आणि मागच्या दारानं पळाला असता.

मला बोलायला उभं केलं आहे. मी गुलाब मास्तर, याच गावच्या शाळेत गणित शिकवतो. जन्मभर पोरांवर ओरडत आलो, मध्ये कधी पाणी मागितलं नाही. आज पहिल्या चार वाक्यांतच मागतो. थांबा जरा. पाणी द्या कोणी.

हं.

मी आणि वासू एका पाटावर शिकलो, एका तलावात पोहायला शिकलो. तो मला गुलाब म्हणायचा, मी त्याला वासू. त्याला प्राध्यापक, डॉक्टर वगैरे म्हणायला मला जमत नाही, ते तुम्ही म्हणा. गेल्या महिन्यात तो चामोर्शीच्या एका शाळेत गेला होता. मुलांना आकाश समजावून सांगायला. तिथून हिवताप घेऊन आला, ताप डोक्यात गेला आणि आपला माणूस गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. यावर मी जास्त बोलणार नाही, कारण मला राग येतो. डासावर राग काढून काय होणार?

मी बोलणार आहे ते त्याच्या कामाबद्दल. गावात सगळे म्हणतात, वासुदेव मोठा शास्त्रज्ञ होता. का मोठा? विचारलं की सगळे इकडं तिकडं बघतात. आज मी सांगतो. त्यानं मला इतक्यांदा समजावलं की आता माझं पाठ झालं आहे, आणि चुकलो तर त्याचे विद्यार्थी आहेतच कान पकडायला.

आपण आकाशात बघतो ते तारे आपल्या आकाशगंगेतले. अशा दुसऱ्या असंख्य आकाशगंगा आहेत, फार दूर. मोठ्या आकाशगंगांच्या मधोमध बहुतेक एक अवजड वस्तू बसलेली असते. कृष्णविवर. ते उजेडही बाहेर पडू देत नाही. म्हणजे दिसत नाही. वासूचं काम काय? तर या न दिसणाऱ्या वस्तूचं वजन करणं.

कसं करणार? काट्यावर ठेवता येतं का ते?

वासू म्हणायचा, गोफण आठव. धानावर पाखरं बसली की आपण गोफण फिरवायचो. दगड जेवढा जोरात फिरेल, तेवढा हात घट्ट लागतो. समज, हात दिसत नाही, नुसता दगड दिसतो. तरी दगडाच्या वेगावरून आणि तो किती अंतरावर फिरतो त्यावरून हाताची ताकद सांगता येते की नाही? कृष्णविवर म्हणजे तो हात. आणि त्याच्याभोवती फिरणारा दगड म्हणजे काय, ठाऊक आहे? पाणी. पाण्याच्या वाफेचे ढग. ते ढग रेडिओच्या लहरी सोडतात. परदेशात दूर दूर उभ्या केलेल्या मोठमोठ्या तबकड्या एकाच वेळी त्यांच्याकडं तोंड करून त्या लहरी झेलतात. ब्रह्मपुरीची बस आपल्याकडं येताना हॉर्न चढा वाजतो, पुढं निघून गेली की उतरतो. तसंच त्या लहरींचं. एका बाजूचं पाणी आपल्याकडं येतं, दुसऱ्या बाजूचं पळतं. त्या फरकावरून वेग कळतो. वेग कळला, अंतर कळलं, की वजन निघालं. निघतं ते किती? आपल्या सूर्यासारखे कोटी कोटी सूर्य एका जागी कोंबावेत, इतकं.

तो पहिल्यांदा हे घरी सांगत होता तेव्हा मी तिथंच होतो. त्याची आई, आपल्या सरूबाई, भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिथी पानी हाय? मंग मासे बी असतीन ना गा?"

वासू गंभीरपणे म्हणाला, "पाह्यले नाई अजून, माय. दिसले तं पयले तुलेच सांगीन."

हसा, हसा. बाई स्वतः हसत आहेत, बघा.

दुसरी त्याची एक सवय सगळ्यांना माहीत आहे. कमी-जास्त. कुठलंही वजन सांगितलं की पुढं सांगायचा, यात चूक किती असू शकते. "कमी-जास्त किती, थे सांगितल्याबिगर वजन सांगूच नाई." कागदावर तर लिहायचाच, घरातही तेच. बाई विचारायच्या, जेवायला कधी येशील? आठ वाजता, कमी-जास्त अर्धा तास. आणि तो 'कमी' मी जन्मात पाहिला नाही, नेहमी 'जास्त'च असायचा. लग्नपत्रिका आली की मुहूर्तापुढं पेन्सिलीनं लिहायचा, कमी-जास्त दोन तास. कॉलेजातल्या मंडळींनो, तुमच्या परीक्षेच्या वेळापत्रकावरही त्यानं लिहिलं होतं म्हणे.

आता मूळ गोष्टीवर येतो. ही गोष्ट गावात फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना आहे ते बोलत नाहीत.

त्या आधी वासूच्या बाबांची आठवण काढतो. सीतारामभाऊ. म्हातारी मंडळी त्यांना ओळखतात. तलावात पाणी उतरलं की सगळे मिळून जाळं ओढायचे आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासे यायचे. घरं जेवढी, तेवढे वाटे. तराजू नाही, काही नाही. वाटे सीतारामभाऊ पाडायचे, हातानं, नजरेनं. रोहू इकडं, तिकडं दोन लहान आणि मूठभर झिंगे, मग परत बघायचं, एक इकडचा तिकडं. आणि आपल्या तलावाचा नियम आहे. जो वाटे पाडतो, त्यानं सगळ्यांच्या शेवटी उचलायचं. आजही आहे.

लहानपणी वासू एकदा रुसला होता. मला आठवतं, कारण मीही त्याच्या बाजूनं भांडलो होतो. मोठा रोहू शेजाऱ्यांच्या टोपल्यात गेला म्हणून. सीतारामभाऊ म्हणाले, "वाटे म्या पाडले ना? मंग मी मांगूनच उचलीन. लहान उरला तं माईच चूक होय. दुसऱ्यानं काऊन भोगाव?"

लक्षात ठेवा हे वाक्य. मी पुन्हा सांगतो. लहान उरला तर चूक माझी, दुसऱ्यानं का भोगावी?

वासू शिकला, मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत लागला. तात्पुरता. तिथं त्यानं एक आकाशगंगा धरली. परदेशातून फिती यायच्या, त्यात रेडिओचं सगळं मोजमाप भरलेलं. वासू कॉम्प्युटरसमोर बसून त्यातून पाण्याचे ढग वेगळे काढायचा. गावाला वाटायचं हा रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. रेडिओला दिवस काय आणि रात्र काय! हा दुपारी डबा खाऊन आकाश बघायचा.

दोन-अडीच वर्षं खपला आणि वजन निघालं. मोठं वजन. सगळे खूश. संस्थेतल्या साहेबांनी लेख तयार करवला. पक्क्या नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि हा लेख छापायला गेला की नोकरी वासूचीच, असं सगळे धरून चालले होते. वासूचा धाकटा भाऊ, हा मोरेश्वर, तेव्हा लहान होता, घराचं छप्पर गळत होतं, सीतारामभाऊंनी अंथरूण धरलं होतं. ती नोकरी त्या घराला किती हवी होती ते मी सांगायला नको.

आणि नेमकं तेव्हा त्याच आकाशगंगेचा दुसऱ्या कोणीतरी काढलेला नकाशा आला. अशा काही आकाशगंगांच्या पोटातून एक फवारा बाहेर पडत असतो, सरळ रेषेत, दोन्ही बाजूंनी. फिरणारं पाणी चकतीसारखं पसरलेलं असतं, त्या फवाऱ्याला आडवं. आणि वासूचे ढग? ते फवाऱ्याच्याच दिशेनं ओळीत उभे होते.

कळलं का? तो गोफणीत फिरणारा दगड नसेल. सुटलेला दगड असेल. फवाऱ्यानं लोटलेलं पाणी. आणि सुटून गेलेल्या दगडावरून हाताची ताकद कशी काढणार?

साहेब म्हणाले, "फिरणारी चकती थोडी वाकडी असेल. असतात अशा. पाठवून दे." साहेब खोटं बोलत नव्हते, तसंही असू शकत होतं. सगळे म्हणाले पाठव. वासू म्हणाला, एक वर्ष थांबू. पाणी खरंच फिरत असेल तर मधोमध समोरून जाणाऱ्या ढगांची दिशा वळत जाईल आणि त्यांचा वेग वर्षभरात बदललेला दिसेल. नाही बदलला, तर ते फिरत नाही.

एक वर्ष! मुलाखत महिन्यावर आणि हा म्हणतो एक वर्ष!

त्या सुट्टीत तो गावी आला आणि तलावाच्या पाळीवर बसून मला हे सांगितलं. मी तर भडकलोच. म्हटलं, "येडा झाला का बे? साहेब सांगून राह्यला पाठव, तं पाठव ना! वर्षानं चूक निघाली तं तवा पाहू. नोकरी तं लागते!"

तो ओरडला नाही. कधीच ओरडायचा नाही. म्हणाला, "गुलाब, वाटे म्या पाडले. पयला वाटा मीच उचलू का?"

 

लेख थांबला. मुलाखत झाली. जागा दुसऱ्याला मिळाली. वर्षभरानं नव्या फिती आल्या, आणि वेग? जसाच्या तसा. पाणी फिरत नव्हतं. वजन चुकीचं होतं. आणि वासूनं काय केलं? गप्प बसला? शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या सभेत उभा राहिला आणि सांगितलं, मी असं असं मोजलं होतं, अमुक कारणानं ते चूक आहे, अशा आकाशगंगेत तुम्हीही फसू शकता, आधी फवाऱ्याची दिशा बघा. लोक आपली चूक झाकायला जन्म घालवतात. यानं गाडीभाडं खर्चून जाऊन सांगितली.

मग तो परत आला. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात लागला. गावातले काही जण म्हणाले, शहरात टिकला नाही. मी नावं घेत नाही, ते इथं बसले आहेत. टिकला नाही? अरे, टिकला तो एकटाच! बाकीचं जाऊ द्या. मी चिडलो की भरकटतो.

सीतारामभाऊ तोवर गेले होते. तलाव उतरला तेव्हा पाळीवर मासे आले आणि वाटे कोण पाडणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. वासू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. सोसायटीचे लोक म्हणाले, "सर, तुमी बसा ना वरतं, आमी पाडतो." ऐकतो कुठं? बसला उकिडवा आणि पाडले वाटे. सगळ्यांनी उचलल्यावर शेवटचा उचलला. त्यानंतर दर वर्षी. सोसायटीच्या भावांनो, एकदा तरी कोणाची तक्रार आली? सांगा ना. बघा, माना हलवतात.

आणि आकाशाचं काम? ते सुटलं असं वाटलं ना सगळ्यांना? नाही सुटलं. कॉलेजात एक कॉम्प्युटर होता. सुट्टीत तो वासूच्या ताब्यात. भारनियमनानं दिवसाकाठी किती तास वीज असायची ते तुम्हाला माहीत आहे. हिशेब अर्ध्यावर आला की वीज जायची आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थी सांगतात, सर नुसते उठायचे, खिडकी उघडायचे, म्हणायचे, चला, चहा. परदेशातली जी मंडळी त्या सभेला होती, त्यांनीच त्याला शोधून काढलं. ज्यानं आपली चूक स्वतः सांगितली, त्याच्याकडं मोजायला दिलेलं बरं, असं त्यांना वाटलं. चूक सांगितल्यामुळं नोकरी गेली आणि चूक सांगितल्यामुळंच काम परत आलं.

दुसरी आकाशगंगा. या वेळी आधी फवारा बघितला. ढग आडवे. एक वर्ष थांबले. वेग बदलला. अजून एक वर्ष थांबले. पुन्हा तेवढाच बदलला. पाणी फिरत होतं! त्या दिवशी वासू दुपारच्या बसनं गावी आला, माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि पोरांसमोर म्हणाला, "गुलाब, फिरून राह्यलं." एवढंच. मी वर्ग सोडून दिला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, मी म्हटलं, पाणी फिरून राह्यलं. ते अजूनही मला विचारतात.

लेख छापून आला. चार नावं होती. वासूचं शेवटी. मी पुन्हा चिडलो. म्हटलं, सगळं मोजलं तू आणि नाव शेवटी? तो हसायला लागला. म्हणाला, "वाटे पाडले ना म्या."

आता मंडळी, एक अवघड गोष्ट बोलायची आहे. मोरेश्वर, तू रागावू नको. तू मला माझ्या लहान भावासारखा आहेस आणि हे जे तू केलं ते प्रेमापोटी केलं, हे मला माहीत आहे.

माझ्या मागं हा फलक लावला आहे. वासूचा फोटो सुंदर आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "जगात सर्वप्रथम कृष्णविवराचे वजन मोजणारे, आपल्या गावाचे सुपुत्र." उद्या हाच मजकूर दगडावर कोरून चौकात बसवायचा आहे, असंही ठरलं आहे.

मंडळी, वासू जगात पहिला नव्हता. त्याच्या आधी बाहेरच्या लोकांनी अशी वजनं केली होती. वासूनं स्वतः मला त्यांची नावं आदरानं सांगितली आहेत. हा फलक म्हणजे पहिला वाटा आहे. तो आपण त्याच्या टोपल्यात टाकतो आहोत. त्यानं घेतला असता का? नोकरीसाठी नाही घेतला, तो चौकातल्या दगडासाठी घेईल?

मी सकाळपासून या विचारात होतो, की बोलावं का. आजच्या दिवशी घरच्यांचं मन कशाला दुखवा? शेवटी इथं यायच्या आधी सरूबाईंकडं गेलो. त्यांना वाचून दाखवलं, आणि खरं काय तेही सांगितलं.  बाई म्हणाल्या, "माया पोरानं जे नाई केलं, थे काऊन लिवता? जे केलं थे कमी हाय का?"

कमी आहे का, सांगा? ज्याच्या घरात तराजू नव्हता, त्यानं न दिसणाऱ्या वस्तूचं वजन केलं. आणि त्याच्याहून अवघड, चुकीचं निघालेलं वजन आपल्या हातानं परत घेतलं. चौकात दगड जरूर बसवा. त्यावर लिहा, यानं मोजलं, एकदा चुकला, चूक स्वतः सांगितली, पुन्हा मोजलं. आपल्या पोरांना शिकायला यातलंच काही लागेल. पहिला येणं सगळ्यांना थोडंच जमतं?

काय रे मोरेश्वर? बस ना. अरे, मी आत्ताच काढ असं म्हटलं नाही, नंतर...

थांबा. थांबा सगळे. त्याला येऊ द्या.

मागच्यांना दिसलं नसेल, म्हणून सांगतो. मोरेश्वरनं फलकाच्या कडेला लावलेला झेंडूचा हार काढला आणि 'जगात सर्वप्रथम' या शब्दांवरून आडवा बांधला. आता एवढंच दिसतं, कृष्णविवराचे वजन मोजणारे, आपल्या गावाचे सुपुत्र.

बरोबर वाटा पाडलास, मोरेश्वर. तू सीतारामभाऊंचाच.

मला आणखी काही बोलायचं नाही. वासू, तू आमच्यासाठी शेवटी थांबलास जन्मभर. एवढ्या एकाच गोष्टीत नियम मोडलास आणि आमच्या आधी निघून गेलास. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलो आहे आणि रागावलेलाच राहीन.

मंडळी, उभे राहा. बाई, तुम्ही बसूनच राहा. आपण वासूसाठी दोन मिनिटं शांत राहू. तो असता तर लगेच म्हणाला असता, दोन मिनिटं, कमी-जास्त किती? म्हणून मी आज घड्याळ बघणार नाही. सरूबाई डोळे मिटतील, आणि त्या उघडतील तेव्हा आपण बसू.